देवाची तुळस, पिझ्झाची तुळस

आमच्या घरी दोन तुळशी आहेत. एक देवाची आणि एक पिझ्झाची. ही वर्गवारी आमच्या चिरंजिवांनी वयाच्या सहाव्या वर्षी केली आणि ती इतकी चपखल निघाली की आता घरात सगळेच तसं म्हणतात. "पिझ्झाच्या तुळशीला पाणी घातलं, देवाची राहिली" हे वाक्य उन्हाळ्यात आमच्याकडे रोज ऐकू येतं. पाहुणे दचकतात. आम्हांला त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

आता 'आम्ही' म्हणजे कोण, हे सांगणं आलं. आम्ही व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनियर, मूळचे सांगलीचे, चाळिशी ओलांडलेले, सध्या मुक्काम पोस्ट हॅमिल्टन, वायकाटो. बागकामाशी आमचा पिढीजात संबंध म्हणाल तर एवढाच, की सांगलीच्या घरी अंगणात तुळशीवृंदावन होतं. त्याला पाणी बाबा घालायचे, संध्याकाळी दिवा आई लावायची आणि क्रिकेटचा बॉल नेमका त्यावर आम्ही मारायचो. तुळस लावावी लागते, जगवावी लागते, असं तेव्हा कधी मनातही आलं नाही. तुळस असते. अंगणात आड असतो, दारात उंबरा असतो, तशी तुळस असते.

ती 'नसते' हे कळायला आम्हांला क्राइस्टचर्चला यावं लागलं.

कँटरबरी विद्यापीठात मास्टर्स करायला आलो तेव्हा चार जणांत एक फ्लॅट होता. त्यातला एक किवी मित्र घर सोडून जाताना बेसिलची एक कुंडी आमच्या हवाली करून गेला. आम्ही सहज एक पान चुरडून वास घेतला आणि क्षणभर सांगलीच्या अंगणात जाऊन आलो. अगदी तोच वास नव्हे, थोडा गोडसर. पण मागे कुठेतरी लवंगेसारखी झाक होती, ती मात्र ओळखीची. पुढे वाचनात आलं की लवंगेतलं युजेनॉल हे तेल तुळशीतही असतं आणि बेसिलमध्येही. दोन्ही झाडं एकाच कुळातली, ऑसिमम वंशातली. एक ऑसिमम टेन्युइफ्लोरम, ती आपली तुळस. दुसरं ऑसिमम बॅसिलिकम. 'बॅसिलिकम' हा शब्द ग्रीक भाषेतल्या राजावरून आलेला. म्हणजे आपल्याकडे ती राणी, त्यांच्याकडे तो राजा.

तर हा राजा आम्ही मोठ्या मानाने खिडकीत विराजमान केला. लायब्ररीतून पुस्तक आणलं होतं, त्यात लिहिलं होतं की बेसिलला दक्षिणेकडची, भरपूर उन्हाची खिडकी द्यावी. आम्ही दिली. तीन आठवड्यांत राजेसाहेब काळे पडून वारले. पुस्तक उत्तर गोलार्धातलं होतं. इकडे सूर्य उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेच्या खिडकीत थंडीच्या दिवसांत कणभर ऊन येत नाही, हे उष्णता-वहन या विषयात मास्टर्स करणाऱ्या इसमाच्या ध्यानात आलं नाही! आजवर ही गोष्ट आम्ही फक्त सौ.ला सांगितली होती. आता तुम्हांलाही कळली.

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही झाडांच्या वाटेला गेलो नाही. नोकरी लागली, लग्न झालं, हॅमिल्टनला घर झालं, मुलं झाली. मग एका सुपरमार्केटने खरेदीवर मुलांसाठी रोपांच्या चिमुकल्या कुंड्या फुकट वाटायला सुरुवात केली. लेकीच्या वाट्याला बेसिल आलं. कागदाची वाटी, मातीची वडी आणि चार बिया. तिने ती वाटी उत्तरेच्या खिडकीत ठेवली. बापाला न विचारता ठेवली, म्हणून रोपं जगली.

रोप वीतभर झालं तेव्हा तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहून कात्री घेतली आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचा शेंडा उडवला. आम्ही ओरडलोच, "अगं, मारशील त्याला!" ती शांतपणे म्हणाली, "बाबा, कापलं नाही तर ते मरतं. वेट अँड सी." आठवडाभरात कापलेल्या जागेच्या खालच्या दोन्ही पानांच्या बगलेतून एकेक फांदी फुटली. मग त्या दोन फांद्यांचे शेंडे खुडले, चार झाल्या. चाराच्या आठ. आमच्यातला इंजिनियर जागा झाला आणि आम्ही तिला दोनाचे घात समजावून सांगितले. गणित सोळापर्यंत चाललं. त्यानंतर एका रात्री गोगलगाई आल्या आणि उत्तर पुन्हा दोनावर आलं.

पण बेसिलचं मर्म त्या उन्हाळ्यात आम्हांला कळलं. हे झाड फुलावर आलं की त्याचं लक्ष पानांवरून उडतं. पानं बारीक होतात, कडवट होतात, बी धरतं आणि झाड आटोपतं. म्हणून पानांच्या जोडीच्या अगदी वर, सकाळच्या वेळी, वरचेवर खुडत राहायचं. खुडलेल्या काड्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. दहा अंशांच्या खाली पानं काळी पडतात. पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत त्यांना पांढरी मुळं फुटतात आणि मग ग्लासाची कुंडी करता येते. हे सगळं लेकीने आम्हांला शिकवलं. घरात बेसिल होतं, पेस्टो होतं, पिझ्झा होता. तुळस मात्र नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिची उणीव आम्हांला भासतही नव्हती.

ती भासली २०२१ च्या मे महिन्यात.

बाबा गेले. त्या वेळची परिस्थिती आपणा सर्वांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये भारतातून इकडे यायला काही दिवस पूर्ण बंदी होती, नागरिकांनासुद्धा. ती उठली तरी परत आल्यावरच्या विलगीकरणात जागा मिळणं म्हणजे लॉटरी. जाता आलं असतं, पण परत कधी येऊ हे कोणी सांगू शकत नव्हतं आणि मुलं लहान होती. आपल्यापैकी कितीजणांनी हाच हिशेब मांडला असेल आणि याच उत्तराशी येऊन थांबले असतील. आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. चुलतभावाने अंगणातून तुळशीचं पान आणलं आणि बाबांच्या ओठांवर ठेवलं. ज्या वृंदावनाला बाबांनी चाळीस वर्षं पाणी घातलं, त्याचंच ते पान. ठेवणारा हात आमचा असायला हवा होता.

तेराव्या दिवशी सौ.ने इथे बाबांच्या फोटोपुढे नैवेद्य दाखवला. नैवेद्यावर तुळशीपत्र हवं. घरात तुळस नाही. मंडळातल्या कोणाकडे मागावी तर इतक्या सकाळी कुणाला उठवायचं? मेमधली थंडी, बागेतलं सगळं झोपलेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत लेकीच्या बेसिलची शेवटची एक काडी ग्लासात उभी होती. सौ.ने आमच्याकडे पाहिलं, आम्ही तिच्याकडे पाहिलं, आणि तिने त्यातलं एक पान घेऊन भातावर ठेवलं.

चाललं का ते? पोचलं का? आम्ही काही फार धार्मिक नव्हे. पण हा प्रश्न मनातून जाईना. आईला फोनवर विचारायचं धाडस झालं नाही.

सरहद्दी खुल्या झाल्यावर, २०२२ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई इकडे आली. ऑकलंडच्या विमानतळावर उतरायच्या आधी काय करायचं ते आम्ही तिला पढवून ठेवलं होतं. "आई, खाण्याचं, बियाण्याचं, लाकडाचं काहीही असलं तरी कार्डावर 'येस'वर खूण करायची. लपवलंस तर चारशे डॉलर दंड." आईने प्रामाणिकपणे खूण केली. तिने पर्समध्ये रुमालात बांधून आमच्या अंगणातल्या तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणल्या होत्या. तपासनीस बाईंनी अगदी नम्रपणे तो रुमाल उलगडला, मंजिऱ्या काढून घेतल्या, आणि रुमाल घडी घालून परत दिला.

हॅमिल्टनपर्यंतच्या दीड तासात आई एक शब्द बोलली नाही. आम्ही गाडी चालवताना कायदा समजावून सांगत होतो. हा देश फळांवर आणि दुधावर जगतो, २०१० साली टे पुके भागात किवी फळांच्या बागांवर 'पीएसए' नावाचा जिवाणूंचा रोग आला, वेलीच्या वेली तोडून टाकाव्या लागल्या, वगैरे. शेवटी घराच्या वळणावर आई म्हणाली, "तासगावची मुलगी आहे मी. द्राक्षावर भुरी आली की काय होतं ते मला नको सांगू. बरोबर केलं तिने." आणि थोड्या वेळाने, "पण तुझ्या बाबांच्या हातची होती रे."

ही बातमी मंडळात कशी पसरली कोण जाणे. चौथ्या दिवशी एक काकू दारात हजर. हातात दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, डब्यात चार पानांचं एक रोप. काकूंकडे गेली बारा वर्षं तुळस आहे. दर हिवाळ्यात त्या ती घरात घेतात, दर वसंतात बी पेरतात आणि ज्याला हवं त्याला डब्यात घालून देतात. आईने डबा दोन्ही हातांनी घेतला. मग काकूंना बसवलं आणि पोहे केले. दोघींच्या गप्पांतून दोघींचीही माहेरं मिरज-तासगाव पट्ट्यातली निघाली हे वेगळं सांगायला नको.

इकडच्या जुन्या माळ्यांचा एक ठोकताळा आहे. टोमॅटो, मिरची, बेसिल, जे जे म्हणून थंडीला भितं ते लेबर वीकएंडच्या आधी बाहेर लावायचं नाही. लेबर डे म्हणजे ऑक्टोबरचा चौथा सोमवार. त्या वर्षी तो आला २४ तारखेला, आणि लक्ष्मीपूजनही नेमकं त्याच दिवशी. आईने सकाळी अभ्यंगस्नान घातलं आणि दुपारी आम्हांला फावडं घेऊन बागेत काढलं. देवाची तुळस उत्तरेच्या भिंतीशी मोठ्या कुंडीत, पिझ्झाची तिच्या शेजारी.

"इतक्या जवळ नको," आई म्हणाली. "तिला त्या कांदा-लसणाच्या झाडाशेजारी कशाला?"

"आजी, ते कांदा-लसूणचं झाड नाहीये. त्याच्यात मी नंतर लसूण घालते," लेकीने खुलासा केला. आजी हसली आणि बेसिलला शेजार मिळाला.

तुळशीचं लग्न ५ नोव्हेंबरला आलं. इथे खरी गंमत आहे. आपल्याकडे कार्तिकात तुळस पावसाळा पिऊन, वाढून, मंजिऱ्यांनी डवरून लग्नाला उभी राहते. इकडे कार्तिक म्हणजे वसंत. आमची नवरी जेमतेम चार इंच उंच, सहा पानांची. आईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा बालविवाह झाला! शारदा कायदा लागेल आपल्याला." उसाच्या जागी टोमॅटोला आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या, झेंडूच्या जागी शेजारच्या बाईंनी दिलेले गुलाब, चिंच-आवळ्याच्या जागी चिंचेची वडी आणि आवळा कँडी. अंतरपाट धरायला दोन्ही मुलं. मंगलाष्टकं आईने म्हटली, आणि "शुभमंगल सावधान" म्हणताच चहूबाजूंनी बाण आणि फटाके उडायला लागले. ५ नोव्हेंबर म्हणजे इकडचा गाय फॉक्स डे. वर्षातून चारच दिवस फटाके विकत मिळतात, त्यातला हा शेवटचा. "बघा, अख्ख्या गावाने फटाके लावले," आई म्हणाली. आम्ही तिला गाय फॉक्सची गोष्ट सांगितली नाही. काय गरज?

मग उन्हाळा लागला आणि गोगलगाई आल्या. शंखवाल्या, बिनशंखाच्या, सगळ्या. विषारी गोळ्या टाकाव्यात तर शेजाऱ्यांचं मांजर फिरतं. इकडे एक गावठी उपाय करतात. बशीत बिअर ओतून ती जमिनीत पुरून ठेवायची. वासाने गोगलगाई येतात आणि त्यात पडतात. रात्री आम्ही चोरून बशी पुरली. सकाळी पाणी घालायला गेलेल्या आईने ती पाहिली. "तुळशीपाशी दारू?" एवढे दोनच शब्द. बशी पिझ्झाच्या तुळशीच्या पलीकडे हलवण्यात आली. त्यानंतर आई रोज रात्री टॉर्च घेऊन स्वतः गोगलगाई वेचू लागली आणि कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत सोडू लागली. त्या सकाळपर्यंत परत येत असणार असा आमचा अंदाज होता, पण बोललो नाही.

रोज सकाळी प्रदक्षिणा घालताना तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. "इकडे सूर्य उलटा जातो रे." खरंच आहे. सांगलीला बहुतेक दिवस सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो डावीकडून उजवीकडे जातो, इकडे उजवीकडून डावीकडे. प्रदक्षिणा सूर्याच्या चालीने घालायची म्हटली तर इकडे उलटी घालायला हवी. आम्ही कागदावर आकृती काढून दाखवली. आईने आकृती नीट पाहिली, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "सूर्याला फिरू दे त्याच्या बाजूने. आपण आपल्या बाजूने फिरू." प्रश्न मिटला.

खरा प्रश्न आला तो कात्रीचा. डिसेंबरात तुळस फूटभर झाली आणि लेकीने सवयीने शेंडा खुडायला हात पुढे केला. आईने तो वरचेवर धरला. तुळशीला असं कधीही हात लावायचा नाही. आधी नमस्कार, मग लागेल तेवढंच पान, रविवारी नाही, द्वादशीला नाही, संध्याकाळी तर नाहीच. लेक म्हणाली, "पण आजी, पिंच नाही केलं तर ती एकच उंच काठी होईल आणि विंटरमध्ये मरेल." आम्ही आणि सौ. दोघंही पेपरात डोकं घालून बसलो. अशा वेळी मध्ये पडण्यात शहाणपण नसतं.

दोन दिवस आई काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, तिने लेकीला हाक मारली. "ये. माझ्या वडिलांच्या बागेतही द्राक्षाचा शेंडा खुडायचे. नाहीतर नुसती वेल धावते. आधी नमस्कार कर." लेकीने नमस्कार केला आणि शेंडा खुडला. तो आईने देवापुढे ठेवला. मंजिऱ्या आल्या तेव्हा तर त्या खुडायला आईच पुढे. वाळक्या मंजिऱ्यांचा तुळशीच्या डोक्याला भार होतो असं आपल्याकडे म्हणतातच. आजी आणि नात, एक शास्त्र सांगत होती आणि दुसरी विज्ञान, आणि दोघी खुडत होत्या एकच मंजिरी.

जानेवारीत आम्ही आईला हॅमिल्टन गार्डन्स दाखवायला नेलं. तिथली 'चारबाग' तिला आवडली, पण ती रेंगाळली ती नदीकाठच्या 'टे पारापारा' या माओरी बागेत. तिथे कुमारा म्हणजे रताळी लावलेली असतात. पॉलिनेशियातल्या उष्ण बेटांवरून माओरी लोक इकडे आले तेव्हा ते आपली रताळी बरोबर घेऊन आले. तिकडे रताळं बारा महिने शेतात राहतं. इकडे पहिल्याच हिवाळ्यात ते गोठणार. मग त्यांनी वायकाटोच्या जमिनीत खड्डे खणून खालची वाळू आणि खडे काढले आणि ते मातीत मिसळले, म्हणजे जमीन लवकर तापेल, पाणी साचणार नाही. हिवाळ्यात रताळी जमिनीखालच्या कोठारांत जपून ठेवायची आणि वसंतात पुन्हा लावायची. दरवर्षी. काहीशे वर्षं.

आई पाटीवरचं आम्ही भाषांतर करून सांगितलेलं ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तिकडे जे आपोआप व्हायचं ते इकडे दरवर्षी करावं लागलं."

घरी आल्यावर आम्ही तुळशीच्या कुंडीत वाळू आणि बारीक खडी मिसळली. इंजिनियर म्हणून आपण काही नवं केलं असं आम्हांला क्षणभर वाटलं होतं, पण ते सहाशे-सातशे वर्षं उशिरा होतं.

मार्चमध्ये शेडच्या मागे बेसिलचं एक रोप सापडलं. सगळे विसरलेलं, न खुडलेलं, फुलून वाळलेलं. लेक ते उपटून फेकणार इतक्यात आईने तुरा हातावर चोळला. तळहातावर बारीक काळं बी पडलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, मग स्वयंपाकघरात जाऊन वाटीभर पाण्यात टाकलं. आम्ही सगळे ओट्याभोवती. पाच मिनिटांत एकेका दाण्याभोवती निळसर पांढरं बुळबुळीत वेष्टन फुगलं.

"अगं बाई! हा तर सब्जा," आई म्हणाली.

फालुद्यात असतो तो सब्जा. उन्हाळ्यात पोट थंड राहावं म्हणून भिजवून घेतात तो. आमच्या घरी इतकी वर्षं पिझ्झाची तुळस म्हणून जे वाढत होतं, ते इटलीचं म्हणून ज्याचं आम्ही कौतुक करत होतो, त्याचं बी सांगलीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात पहिल्यापासून होतं. "तुझे बाबा एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी सब्जा घातलेलं दूध प्यायचे. विसरलास?" आईने विचारलं.

विसरलो नव्हतो. आम्ही सौ.कडे पाहिलं. मग तिनेच सांगितलं. तेराव्या दिवसाचा नैवेद्य, ग्लासातली शेवटची काडी, भातावर ठेवलेलं पान. सांगताना तिचा आवाज भरून आला. "आई, चाललं का हो ते? दोन वर्षं विचारीन म्हणते."

आई वाटीतला सब्जा चमच्याने ढवळत राहिली. मग म्हणाली, "पोचलं असेल की गं. बहिणीच त्या. आणि त्यांना सब्जाच जास्त आवडायचा." मग तिने फ्रिजमधलं दूध काढलं, साखर घातली, सब्जा घातला, पाच पेले केले आणि सहावी वाटी बाबांच्या फोटोपुढे ठेवली.

एप्रिलच्या सुरुवातीला आई परत गेली. व्हिसा सहा महिन्यांचा होता. जाण्याआधी लेकीने तुळशीच्या चार काड्या ग्लासात लावल्या आणि आजीला मुळं दाखवली. तो हिवाळा आमच्या परीक्षेचा होता. जूनमध्ये हॅमिल्टनला दिवस साडेनऊ तासांचा, आणि भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंशांवर. सांगलीला तो डिसेंबरातही ५० अंशांवर असतो. आम्ही कुंडीखाली रोपांसाठी मिळते ती गरम चटई टाकली, थर्मामीटर लावलं, तापमानाचा तक्ता केला. जुलैत पानं गळून नुसती काठी उरली. तक्ता उत्तम चालला होता. सप्टेंबरात काठीच्या मध्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला, तेव्हा धाकट्याने शाळेत जाऊन सगळ्या वर्गाला सांगितलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मात्र आमची तुळस गेली. चटई, तक्ता, सगळं असून गेली. पण त्याआधीच्या वसंतात आम्ही काकूंसारखी सात रोपं सात घरी दिली होती. त्यातल्या दोघांकडची जगली होती. ऑक्टोबरात त्यांतल्या एकांनी दह्याच्या डब्यात एक रोप आमच्या दारात आणून ठेवलं. म्हणजे आमचीच तुळस आमच्याकडे परत आली. जपून ठेवलेली गेली आणि देऊन टाकलेली राहिली. इन्शुरन्स काढावा तर असा.

आता आई प्रवास करत नाही. गुडघे साथ देत नाहीत. रविवारी फोन केला की ती आधी विचारते, "तुळस कशी आहे?" मग मुलं, मग सून, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. क्रम बरोबर आहे. तिकडे सांगलीच्या वृंदावनाला आता ती स्वतः पाणी घालते. तिकडची आहेच. इकडची दरवर्षी व्हावी लागते.

तर मंडळी, येत्या लेबर वीकएंडला आमच्याकडे रोपं असतील. देवाची आणि पिझ्झाची, दोन्ही. येताना दह्याचा रिकामा डबा घेऊन या आणि बुडाला चार भोकं पाडून आणा. रोप घरी नेल्यावर फक्त एकच पथ्य पाळा. ते दक्षिणेच्या खिडकीत ठेवू नका. हा सल्ला या विषयात मास्टर्स केलेल्या माणसाचा आहे.